तिसऱ्या पानावरील स्त्री

मामांनी चष्मा पुसला, पुस्तिका हातभर लांब धरली आणि जेवणे अर्ध्यावर आली असताना मोठ्याने वाचावयास आरंभ केला, तेव्हाच थोरलीने ओळखले की आजचा रविवार सुखाने पार पडणार नाही.

वडिलांच्या पश्चात रविवारी दुपारी सर्वांनी आईकडे जेवावे, हा नेम दोन वर्षे अखंड चालला होता. आज त्याला निमित्तही होते. बारकी उद्या सकाळी परदेशी निघणार होती. निर्वासितांच्या संरक्षणाचे कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ती दीड वर्षापूर्वी कनिष्ठ संपर्क अधिकारी म्हणून लागली. एकीकडे आश्रयास आलेली माणसे, दुसरीकडे सरकारी कचेऱ्या आणि परदेशी प्रतिनिधी, आणि या दोहोंमध्ये निरोप, निवेदने, विनवण्या घेऊन हेलपाटे घालणारी ही सव्वीस वर्षांची मुलगी. तिकडे भरणाऱ्या परिषदेत तीस देशांच्या प्रतिनिधींसमोर तिला सात मिनिटे बोलायचे होते, आणि तिने लिहिलेली पुस्तिका प्रत्येकाच्या हाती पडायची होती. चारशे प्रती थोरलीच्या नवऱ्याच्या छापखान्यात गठ्ठे बांधून तयार होत्या. पाच वाजता संस्थेची गाडी त्या न्यायला येणार होती. पहिली प्रत जावयाने मोठ्या कौतुकाने मामांना आणून दिली होती.

"तिसरं पान ऐका," मामा म्हणाले. "'ती बाजारात दुकानदारांची वजनं तपासत असे. खऱ्या वजनावर शिक्का मारायचा, खोटं काढून घ्यायचं, एवढंच तिचं काम. एके दिवशी बंदूकवाल्यांनी बाजार ताब्यात घेतला आणि आपली वजनं तिच्यापुढे मांडली. वजनं हलकी होती. तिनं शिक्का मारला नाही. त्या संध्याकाळी ती गावाबाहेर पडली. तिचा भाऊ अजून तिथेच आहे.'" मामांनी पुस्तिका मिटली. "वा गं पोरी! शब्द किती थोडे!"

आईने पदर डोळ्यांस लावला. बारकी ताटाकडे पाहत लाजली.

"नाहीतर आमच्या वकीलबाई," मामा थोरलीकडे वळले. "तीन वर्षं अशाच एका बाईची केस लढवतेस ना तू? पन्नास पन्नास पानांचे अर्ज. एकदा तरी कुणाच्या डोळ्यात पाणी आलं का?"

"कोर्टात रडवून भागत नाही, मामा," थोरली म्हणाली. "तिथं पुरावा लागतो."

"अगं, मी गंमत केली."

"कळली मला."

तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. गंमत तिला खरोखरच कळली होती. त्या स्त्रीने आपली कहाणी प्रथम सांगितली ती थोरलीला, एका कोंदट खोलीत, मोडक्यातोडक्या भाषेत, सहा बैठकींत. ती कहाणी थोरलीने कलमांत बसवली, परिशिष्टे जोडली, आणि पहिल्या सुनावणीत ती हरली. आता अपिलाची सुनावणी येत्या गुरुवारी होती. आणि इकडे बारकीने तीच कहाणी दोन भेटींत ऐकली, एका संध्याकाळी लिहिली, आणि संस्थेच्या मुख्य बाईंनी ती उभ्या उभ्या वाचून तिला परिषदेस धाडण्याचे ठरवले. चौदा वर्षांपूर्वी याच संस्थेत, याच पदासाठी थोरलीला मुलाखतीचे बोलावणे आले होते. त्याच आठवड्यात वडिलांचा उजवा हात लुळा पडला. ती गेली नाही. त्या वेळी बारकी बारा वर्षांची होती आणि रोज सकाळी थोरलीकडून वेणी घालून घेत असे.

"ताईमुळेच झालं, मामा," बारकी म्हणाली. "तिनं तपासून सही केली, तेव्हाच ते पुढे गेलं. आमच्याकडे नियमच आहे. कुणाचीही कहाणी बाहेर जायची असेल, तर त्याच्या वकिलानं आधी वाचायची. माणूस ओळखू येईल असं काही राहिलं नाही ना, ते बघायचं आणि खाली सही करायची."

"मग काय, वकीलबाईंचाही वाटा आहे तर!" मामा म्हणाले.

थोरली मान खाली घालून भात कालवत राहिली.

छापखान्याच्या मालकास, म्हणजे तिच्या नवऱ्यास, गप्प बसलेल्या माणसांची भीती वाटे. घरातील शांतता काही तरी बोलून मोडावी, हा त्याचा स्वभाव, आणि त्या स्वभावाने त्याला आजवर अनेकदा गोत्यात आणले होते. शिवाय त्या स्त्रीविषयी त्याच्या मनात एक जुनी अढी होती. दर सोमवारी थोरली तिच्याकडे जाई आणि परतल्यावर तासभर तिच्याविषयीच बोले. त्या तासाचा त्याला हेवा वाटे. पण निर्वासित बाईचा हेवा करणारा नवरा म्हणून कोणापुढे उभे राहावे!

"मी तर अक्षरजुळणी करतानाच ओळखलं तिला," तो हसत म्हणाला. "म्हटलं, ही तर आमची सोमवारची बाई! माझी सवत!"

मामा हसले. आईही हसली. बारकी हसली नाही.

"कसं ओळखलंत, भाऊजी?"

"अगं, त्यात काय ओळखायचं? हिच्या तोंडून ऐकलंय की. वजनं तपासणारी बाई."

"नाव नाहीये त्यात. गाव नाही, देश नाही, तारीख नाही. मी सगळं काढलं होतं."

"असेल. पण एका गावात वजनं तपासणाऱ्या बाया असतात किती? आणि बंदूकवाल्यांना नाही म्हणणाऱ्या?" बोलता बोलता त्याचे हसू मावळले. आपण काय बोललो, ते त्याच्याही ध्यानात आले. "म्हणजे... मला आपलं वाटलं..."

"एकच," बारकी म्हणाली. "एकच होती. तिनं स्वतः सांगितलं होतं मला. जिल्ह्यात एकटी बाई होते म्हणून." तिने ताट बाजूला सारले. "आणि त्या देशाचा प्रतिनिधी परिषदेला येणार आहे. दुसऱ्या रांगेत बसतो. त्याच्या हातात मी स्वतः ही देणार होते. तिचा भाऊ अजून तिथेच आहे, असंही छापून देणार होते!"

तिने मान वर करून थोरलीकडे पाहिले. त्या दृष्टीत आरोप नव्हता. लहानपणी गणित अडले की ती असेच पाही.

"ताई, तू वाचलं होतंस ना गं? तुला नाही दिसलं?"



"सुटलं असेल नजरेतून," थोरली म्हणाली. "कामं किती होती त्या आठवड्यात."

बारकीने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पुरेसे होते, आणि फोन घेऊन ती गॅलरीत गेली. घड्याळात अडीच वाजले होते.

आईने ताटे उचलली आणि थोरलीला आत बोलावले. स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. तीस वर्षे लहान मुलांच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेली ही बाई. कोणते मूल खरे रडते आणि कोणते औषध टाळण्यासाठी रडते, हे तिला पाठमोऱ्या मुलावरूनही कळे.

"तू आठ वर्षांची होतीस," नळ सोडत ती म्हणाली, "तेव्हा माझ्या औषधांच्या यादीत एक शून्य जास्त पडलं होतं, ते तू शोधलंस. डॉक्टरांना नव्हतं दिसलं."

"आई, आत्ता हे कशाला?"

"तुझ्या नजरेतून सुटलं, म्हणतेस?"

थोरलीने फडके हातात घेतले. कोरडेच असलेले ताट ती पुसू लागली.

"माझ्याकडे बघ."

"दिसलं होतं," थोरली म्हणाली.

आईने नळ बंद केला.

"पहिल्याच वाचनात दिसलं. पेन्सिलनं खूणही केली. मग खोडली. म्हटलं, बाईसाहेबांना सगळं येतं ना, मुख्य बाई डोक्यावर घेऊन नाचतात ना, मग त्यांना कळेलच. आणि नाही कळलं तर कुणीतरी दाखवील, वरच्या कचेरीत कुणीतरी. चारचौघांत चूक निघेल तिची. एवढंच वाटलं गं! एकदा तरी चूक निघावी. एवढं छापून तयार होईल, इथपर्यंत येईल..."

"आणि त्या बाईचा भाऊ?"

थोरलीने पुसलेले ताट पुन्हा पुसले.

दुसऱ्याच्या गुणांत दोष पाहणे म्हणजे असूया, एवढे शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. दोष खराच असावा, तो आपणांस दिसावा, आणि त्या दिसण्याचा आनंद जिभेखाली ठेवून आपण मुकाट बसावे, या अवस्थेस त्यांनी काय नाव दिले, ते प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. आईसही ठाऊक नव्हते. तिला इतकेच दिसले की आपली थोरली मुलगी एक्केचाळिसाव्या वर्षी पाळण्यातल्या नव्या भावंडाकडे हेव्याने पाहणाऱ्या पोरीसारखी उभी आहे. आणि तिला स्वतःचेही काही आठवले. बारकी जन्मली तेव्हा नातलगांपुढे "ही माझी" असे म्हणून तिने बारकीला उचलून घेतले होते, आणि थोरलीला म्हटले होते, "तू आता मोठी झालीस हो." हे एका मुलीस किती वेळा सांगावे, याला मर्यादा असावयास हवी होती.

"जा," ती म्हणाली. "तिला सांग."

"गाडी थांबवली की झालं ना, आई? प्रती जाणार नाहीत. भाऊ वाचला. आता सांगून काय होणार?"

"ते मला नको विचारूस. मला तुझ्या कोर्टातलं कळत नाही."

गॅलरीत बारकीचे बोलणे चालू होते. मुख्य बाईंचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच तिला अधिक भय वाटत होते. प्रती थांबतील. तिसरे पान कापून बाकीची पुस्तिका नेता येईल. परंतु ज्या अधिकाऱ्याला एवढी गोष्ट कळली नाही, तिने तीस देशांसमोर बोलावे की नाही, याचा विचार करावा लागेल. बहुधा दुसरे कोणी तरी जाईल. वकीलबाईंशी एकदा बोलायचे आहे.

"हो बाई," बारकी म्हणाली. "माझीच चूक. ताईकडे त्या आठवड्यात फार काम होतं."

हे म्हणताना तिला एक विचित्र भावना स्पर्शून गेली. तिला वाटले, ताईने चूक केली असती तरी सर्वांनी म्हटले असते, कामाच्या रगाड्यात झाले. आपण केली की म्हणतील, पोर आहे. त्या वजनवाल्या बाईचेही तसेच. दोन भेटींत ती बारकीशी बोलली खरी, पण प्रत्येक वाक्यानंतर तिने विचारले होते, "हे वकीलबाईंना माहीत आहे ना?" त्या दिवशी घरी येऊन बारकीने इतके चांगले लिहिले, ते कोणाला दाखवण्यासाठी? दुसऱ्या रांगेतल्या प्रतिनिधीला नव्हे, एवढे तिला आता या गॅलरीत उभे राहून कळत होते.

थोरली बाहेर आली. बारकीने फोन तिच्यापुढे धरला आणि आवाज मोठा केला.

"वकीलबाई, तुमचे आभार मानायला हवेत," मुख्य बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो. तुमची सही आहे, पण एखादी नजरचूक आम्ही समजू शकतो. मुलगी हुशार आहे; जरा कच्ची आहे अजून. तिला या खेपेला आपण थांबवू. तुम्हाला काय वाटतं?"

वाक्य सरळ होते आणि दार सताड उघडे होते. स्त्री सुरक्षित, भाऊ सुरक्षित, थोरलीचे नाव स्वच्छ, आणि बारकी घरी. मागील दोन महिन्यांत अंथरुणावर पडल्या पडल्या तिने जे जे इच्छिले होते, ते सर्व पक्वान्नासारखे तिच्यापुढे वाढून ठेवले होते, आणि घास घेण्यासाठी तिला फक्त "हो" म्हणायचे होते. शेजारी बारकी उभी होती. 

"नजरचूक नव्हती," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"सही करताना मला ते दिसलं होतं. धोका आहे हे कळलं होतं. तरी केली सही."

पलीकडे मुख्य बाईंनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"का, असं विचारू शकते मी?"

"विचारा. पण उत्तर आधी हिला द्यायचंय."

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सांगताय ते? यापुढे आमच्या कुठल्याही कागदावर तुमची सही चालणार नाही. आणि गुरुवारची सुनावणी... ती बाई आमच्या यादीतली आहे. मी तिला दुसरा वकील देणार."

"फाईल आज संध्याकाळी पोचवते. शेवटची टिपणं माझ्या अक्षरात आहेत, लागतील ती समजावून सांगते."

"आणि तुमची बहीण सकाळच्या विमानानं जाईल," मुख्य बाई म्हणाल्या. "ते पान सोडून."

फोन बंद झाला. बारकीने तो खिशात ठेवला. ती थोरलीकडे पाहत नव्हती.

"भाऊजी," तिने आत हाक मारली, "छापखान्याची किल्ली आणलीय का?"

साडेतीन वाजता पाचही जण छापखान्याच्या जमिनीवर बसले होते. जावयाने पोलादी पट्ट्या आणि धारदार पाती वाटली, पहिल्या प्रतीवर कसे कापायचे ते दाखवले. पट्टी शिवणीला लावायची, पाते एकदाच ओढायचे. दोनदा ओढले की पुढच्या पानाला चरा पडतो. तिसऱ्या पानाच्या पाठीवर चौथे पान होते, आणि त्या पानावर लेखिकेचे नाव आणि तिचा लहानसा परिचय. तेही जाणार होते. हे सर्वांस दिसले. 

मामांनी आपली प्रत अखेरपर्यंत मांडीवर धरून ठेवली होती.

"मामा, ती पण," बारकी म्हणाली.

"अगं, ही माझ्याकडे कपाटात राहील. कोण बघतंय?"

"मामा."

मामांनी प्रत दिली. "तुमच्या घरात कौतुक करायचीसुद्धा सोय राहिली नाही, अक्का," ते आईला म्हणाले. आईने त्यांच्या हाती पाते दिले आणि म्हटले, "कमी बोल आणि सरळ काप."

कापलेली पाने एका खोक्यात पडत गेली. थोरली बारकीच्या समोर बसली होती. दोघींच्या पात्यांचा आवाज एका लयीत येऊ लागला, तसा बारकीने आपला हात मुद्दाम संथ केला.

"किती दिवस?" तिने वर न पाहता विचारले.

"काय?"

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"वीस."

"वीस दिवसांत तीन वेळा जेवलो आपण एकत्र. तू माझी बॅग भरायला आलीस. निळी साडी नको, चुरगळते, म्हणालीस."

"हो."

"माझा एवढा राग येतो?"

"राग नाही." थोरलीने पाते खाली ठेवले. "हेवा. तुला जे सहज आलं, ते मला तीन वर्षांत जमलं नाही. ती माझी होती आणि लोक तुझ्या शब्दांनी रडले."

"सहज!" बारकी हसली, आणि त्या हसण्यात गोडवा अजिबात नव्हता. "सहज म्हणे! ताई, ते वाक्य मी तुझ्या अर्जातून उचललंय. पान एकोणतीस. 'तिने शिक्का मारला नाही.' तुझंच आहे ते. मी फक्त आजूबाजूचं काढून टाकलं."

 सांत्वन म्हणून हे सांगितले गेले नव्हते. म्हणूनच ते तिला अधिक लागले.

"तिला कोण सांगणार?" बारकीने विचारले. "नियम आहे. तिच्यावर काय बेतलं होतं, ते तिला कळायला हवं. मी सकाळी नसेन."

"मी जाते. फाईल द्यायचीच आहे. तिच्या सहीशिवाय नव्या वकिलाकडे जाणार नाही ती."

"काय सांगशील?"

"की वकील बदलला. चूक झाली होती, पण वेळेवर—"

"नाही," बारकी म्हणाली. आवाज तिने चढवला नाही; परंतु आई, मामा, जावई, तिघांचे हात थांबले. "माझा हेवा वाटला, हेही तिला नको सांगूस. ते आपल्या घरातलं आहे, तिला काय करायचंय त्याचं? तिला सांग, की तिच्या भावाचा जीव तुला कागदावर दिसला होता. आणि तू पेन उचललंस."

थोरलीने मान हलवली.

पावणेपाचला शेवटची प्रत झाली. गाडी आली. जावयाने गठ्ठे उचलले, मामांनी उचलले. थोरलीने एका गठ्ठ्याला हात घातला तेव्हा बारकीने तो तिच्या हातून घेतला आणि स्वतः गाडीत ठेवला. याच गाडीने ती संस्थेच्या कचेरीत जाणार होती आणि सकाळी तिथूनच विमानतळावर. गाडीच्या दाराशी ती क्षणभर थांबली. आईला नमस्कार केला, मामांना केला, भाऊजींना "येते हं" म्हणाली. थोरलीपाशी येऊन तिने विचारले, "फाईल जड आहे. कुणी सोडायला यायला हवं का तुला?"

"नको. चालत जाईन."

"बरं."

एवढेच. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थोरली उभी होती. नवऱ्याने सोबत येतो म्हटले, तेव्हा तिने नुसता त्याच्या दंडावर हात ठेवला.

आश्रितांच्या वसतिगृहाची इमारत वीस मिनिटांच्या अंतरावर होती. दुसऱ्या मजल्यावरील सातव्या दारावर तिने टकटक केले. दार उघडले आणि ती स्त्री आनंदाने मागे सरली. खाटेवर कागद पसरलेले होते. गुरुवारी विचारले जातील असे प्रश्न तिने स्वतःच्या हाताने नव्या भाषेत लिहून काढले होते.

"आज सोमवार नाही!" ती म्हणाली. "मी अभ्यास केला, बघा. तुम्ही विचारा, मी सांगते. चुकले तर ओरडा." खोलीत एकच खुर्ची होती. ती तिने पदराने पुसली आणि थोरलीपुढे सरकवली.

थोरलीने फाईल खाटेच्या कडेवर ठेवली. खुर्चीकडे पाहिले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मला उभं राहून सांगायचं आहे."